मापुचे मुलखात पाहुणा म्हणून जायचं असेल तर

चिलीला जाणाऱ्या आपल्या लोकांचा प्लॅन साधारण ठरलेला असतो, सान्तियागो, मग वर आताकामाचं वाळवंट, मग एकदम खाली पातागोनिया, आणि मधला जो सगळा हिरवा पट्टा आहे तो विमानात झोपेत निघून जातो. तो पट्टा म्हणजे मापुचे ह्या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचा मुलूख. बिओबिओ नदीच्या दक्षिणेला सुरू होतो, एका बाजूला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला आन्देस पर्वत आणि त्याच्या पलीकडे अर्जेंटिनातही, सगळ्याला मिळून ते वालमापू म्हणतात. तिथे कसं जायचं, कधी जायचं, गेल्यावर कसं वागायचं, काय खायचं, काय विकत घ्यायचं हे एका जागी लिहून ठेवतोय कारण मराठीत कुठे सापडत नाही.

आधी डोक्यातलं एक चित्र पुसून टाका. २०१७च्या जनगणनेत चिलीत १७ लाख ४५ हजारांच्या वर लोकांनी स्वतःची नोंद मापुचे म्हणून केली, म्हणजे देशातला जवळजवळ दर दहावा माणूस, आणि त्यातले तिसरा हिस्सा तरी सान्तियागो आणि आसपास राहतात. त्यामुळे एअरपोर्टवरून आणणारा टॅक्सीवाला, दवाखान्यातली नर्स, कॉलेजातला प्रोफेसर कुणीही मापुचे असू शकतं. पोशाख घालून नाचणारे आदिवासी बघायला मिळतील असं वाटत असेल तर उगाच एवढा खर्च करू नका.

निघायच्या आधी एवढं माहीत पाहिजेच

इतिहास वाचायचा कंटाळा येत असेल तरी हा भाग वाचा, कारण तिथे चुलीपाशी बसलात की विषय फिरून फिरून जमिनीवरच येतो आणि तुम्ही कोरे असाल तर नुसती मान हलवत बसाल.

इंका साम्राज्याला मापुचेंनी माउले नदीच्या आसपास थोपवलं. मग स्पॅनिश आले. १५५३च्या डिसेंबरात तुकापेलला पेद्रो दे वाल्दिव्हिया हा त्यांचा गव्हर्नर मारला गेला, आणि त्या लढाईचा म्होरक्या होता लाउतारो, जो आधी ह्याच वाल्दिव्हियाच्या पदरी राहून घोडे आणि स्पॅनिश लढाईची पद्धत शिकून आलेला तरुण पोरगा. पुढे १५९८ला कुरालाबाला अजून एक गव्हर्नर मारला गेला आणि थोड्याच वर्षांत बिओबिओच्या दक्षिणेची सात स्पॅनिश शहरं हातची गेली. शेवटी १६४१ला किलीनला बैठक होऊन बिओबिओ ही सरहद्द मान्य झाली, मध्ये चकमकी होत राहिल्या तरी ही सरहद्द ढोबळमानाने दोनशेच्या वर वर्षं टिकली. आपला माणूस हे वाचलं की लगेच गनिमी कावा म्हणतो, म्हणा की, पण तिथे जाऊन लढायांचेच किस्से उकरत बसू नका, त्यांना बोलायचं असतं ते त्याच्या नंतरचं.

नंतरचं असं की स्पेन गेलं, चिली स्वतंत्र झालं, आणि १८६१ ते १८८३ ह्या काळात चिलीच्या फौजेनं हा मुलूख टप्प्याटप्प्यानं ताब्यात घेतला. तेमुको शहर १८८१ला किल्ला म्हणून बसवलं, वियारिका १८८३ला पुन्हा. पलीकडे अर्जेंटिनात १८७८ नंतर जनरल रोकानं तेच केलं. मग १८८४ ते १९२९ ह्या काळात चिली सरकारनं मापुचे कुटुंबांना जमिनीचे साधारण ३ हजार दाखले दिले, सगळे मिळून ५ लाख हेक्टरच्या आसपास, म्हणजे पूर्वीच्या मुलखाचा जेमतेम ५-६ टक्के भाग. बाकीची जमीन लिलावात गेली किंवा युरोपातून आणि उत्तर चिलीतून आणलेल्या वसाहतवाल्यांना. माणशी सरासरी ६ हेक्टर पडली, १५ एकर, आपल्याला ऐकायला बरी वाटते, पण गुरं घोडे मोकळे चारणाऱ्या लोकांना ती कोंडून टाकणारी होती, त्यात पुढच्या पिढ्यांच्या वाटण्या, आणि १९७९ला लष्करी राजवटीत सामाईक जमिनीचे तुकडे करायचा कायदा आला. त्याच्या आधी १९७४ला झाडांच्या लागवडीला सबसिडी सुरू झाली होती. ती झाडं म्हणजे पाइन आणि निलगिरी, कागदाच्या लगद्यासाठी आणि लाकडासाठी. ह्या लागवडी आल्यापासून विहिरी आणि ओढे आटले ही गावागावातली तक्रार आहे, उन्हाळ्यात कित्येक वस्त्यांना सरकारी टँकरनं पाणी येतं.

१९९३ला आदिवासी कायदा झाला, त्यातून कोनादी नावाचं सरकारी खातं निघालं, तेमुकोत त्याचं मुख्य ऑफिस, ते जमिनी विकत घेऊन कम्युनिटीजना परत देतं पण फार सावकाश. त्याच सुमारास आल्तो बिओबिओत राल्को धरण आलं, किंत्रेमान आडनावाच्या दोन पेवेंचे (म्हणजे डोंगरातल्या मापुचे) बहिणी, बेर्ता आणि निकोलासा, वर्षानुवर्षं त्याच्याविरुद्ध उभ्या राहिल्या, तरी २००४ला धरण चालू झालं. नर्मदा आंदोलन जवळून पाहिलेल्या माणसाला ह्यात नवीन काहीच सांगावं लागणार नाही.

कधी जायचं

तिथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. हवा छान, दिवस मोठा, पण जानेवारी-फेब्रुवारीत सगळं चिली सुट्टीवर असतं, पुकोन आणि वियारिकाच्या तळ्यावर आपल्या मे महिन्यातल्या महाबळेश्वरसारखी ट्रॅफिक जॅम, रेट दुप्पट. जून ते ऑगस्ट पाऊस आणि थंडी, पण २१ ते २४ जूनच्या आसपास वे त्रिपान्तु असतं, त्यांचं नवं वर्ष, सर्वात मोठ्या रात्रीनंतर सूर्य परततो तेव्हाचं. २०२१ पासून चिलीत ह्या दिवसाची राष्ट्रीय सुट्टी असते. काही ठिकाणी शाळा, नगरपालिका, म्युझियम उघडा कार्यक्रम ठेवतात, तिथे बिनधास्त जा, घरचा असेल तर बोलावल्याशिवाय नाही.

मला विचाराल तर मार्च-एप्रिल. गर्दी ओसरलेली, हवा कोरडी आणि डोंगरात पिन्योन, म्हणजे तिथल्या एका झाडाच्या खायच्या बिया, पडायला लागलेले.

कसं पोचायचं

भारतातून चिलीला थेट विमान नाही, युरोप, आखात किंवा अमेरिकेतून फिरून जावं लागतं. चिलीच्या व्हिसाबरोबर मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते आधी बघा, नियम बदलत असतात म्हणून दूतावासाच्या साइटवरच. उतरताना शेतमालाची तपासणी फार कडक असते. सगळ्या बॅगा स्कॅन होतात, कुत्री हुंगतात, फॉर्मवर डिक्लेअर नाही केलं आणि बॅगेत लोणचं, मेथीदाणे, एखादं सफरचंद निघालं तर दंड. जे नेताय ते सगळं लिहून टाका, फार तर काढून घेतील.

सान्तियागोहून तेमुको पावणेसातशे किलोमीटरच्या आसपास. विमानानं सव्वा-दीड तास, एअरपोर्ट शहराबाहेर फ्रेइरेला आहे. बसनं आठ-नऊ तास, बसेस मस्त, सीट जवळपास आडवी होते, म्हणून सगळे रात्रीची घेतात. मी म्हणेन जाताना तरी दिवसाची घ्या आणि खिडकीला बसा. लॉस आंखेलेसच्या पुढे गेलात की एकाच उंचीच्या, एकाच वयाच्या झाडांच्या रांगा सुरू होतात, खाली गवताचं पातं नाही, मध्येच अख्खी टेकडी भादरल्यासारखी तोडून ठेवलेली, पुन्हा रांगा. बाहेरून आलेला माणूस म्हणतो वा काय जंगल आहे. ते जंगल नाही, पीक आहे. खरं जंगल कसं दिसतं ते नंतर डोंगरात बघाल तेव्हा फरक कळेल. कोयिपुयीला हायवेवरून माय्येको नदीवरचा रेल्वेचा लोखंडी पूल दिसतो, १०२ मीटर उंच, १८९०चा. मुलूख ताब्यात आल्यावर सात वर्षांत तिथून आगगाडी गेली, लाकूड आणि गहू बाहेर न्यायला.

कुठे कुठे

तेमुकोत एक-दोन दिवस ठेवा. शहर म्हणून काही खास नाही, पण आवेनिदा आलेमानियावरचं अराउकानिया म्युझियम आधी करा, आणि फेरिया पिन्तो नावाचा बाजार सकाळी करा. रस्त्याच्या कडेला खेड्यातून आलेल्या बायका भाजी घेऊन बसलेल्या असतात, कोथिंबिरीच्या जुड्या, समुद्रातलं कोचायुयो नावाचं शेवाळ जाड दोरखंडासारखं गुंडाळून ठेवलेलं, मेर्केन नावाच्या धुरवलेल्या मिरचीच्या मसाल्याच्या पुड्या, सीझनमध्ये पिन्योनचे ढीग. खेड्यातल्या बसेसचं स्टँडही तिथून जवळच.

त्या स्टँडवरून समुद्राकडे पुएर्तो साआवेद्राची बस मिळते, दीड-दोन तास, तिथे बुदी नावाचं तळं आहे, खाऱ्या पाण्याचं, काळ्या मानेच्या हंसांचं. हा लाफकेंचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या मापुचेंचा भाग. तळ्याकाठी कम्युनिटीतल्या कुटुंबांनी राहायला रुका बांधल्यात, रुका म्हणजे त्यांचं गवतानं शाकारलेलं घर, मध्ये चूल, दार पूर्वेला. १९६०च्या मे महिन्यात ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला, आजवर मोजलेला सगळ्यात मोठा, त्यानंतरच्या सुनामीनं पुएर्तो साआवेद्रा धुऊन नेलं. म्हाताऱ्या माणसांकडे ह्या गोष्टी भरपूर, पण आपणहून काढतील तेव्हा ऐका.

डोंगराकडे दोन वाटा. एक वियारिका, पुकोनवरून कुरारेवे, अर्जेंटिनाच्या सरहद्दीपाशी, पुकोनपासून पाऊण-एक तास. पुकोन म्हणजे जॅकुझी आणि राफ्टिंग, तिथे जेवून पुढे निघा, कुरारेवेत मापुचे बायकांनी चालवलेल्या खानावळी आहेत त्यांच्यासाठी हा रस्ता. दुसरी वाट लोंकिमाय, इकाल्मा, किन्केन, हा पेवेंचे लोकांचा भाग, पेवेन म्हणजे अराउकारिया झाड, छत्रीसारखं, ४० मीटरच्या वर जाणारं, हजार वर्षं जगणारं. किन्केनच्या लोकांनी लाकूड कंपनीशी भांडून ही झाडं वाचवली, १९९०ला हे झाड तोडायला देशभर बंदी आली आणि त्यांची जमीन पुढे सरकारनं कंपनीकडून विकत घेऊन दिली. वेळ कमी असेल तर कोंगियीओ नॅशनल पार्क करा, याइमा ज्वालामुखीच्या पायथ्याशी, तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, गेटवर पैसे घेत नाहीत म्हणून परत फिरलेली माणसं पाहिलीत.

फक्त सान्तियागोतच दोन दिवस असतील तरी निराश व्हायचं कारण नाही, प्रीकोलंबियन कलेचं म्युझियम शहराच्या मध्यात आहे, तळघरात चेमामुल ठेवलेत, थडग्यावर उभे करायचे माणसाच्या आकाराचे लाकडी पुतळे. अर्धा तास तिथेच जातो.

बुकिंग

तुरिस्मो मापुचे असं स्पॅनिशमध्ये टाकून गावाच्या नावासकट सर्च करा, इन्स्टावर बरीच कुटुंबं सापडतात. इंग्लिशमध्ये शोधलं की वर येतात त्या मोठ्या एजन्सीच्या हाफ-डे टूर, बसमधून उतरा, रुकात शिरा, ढोल ऐका, फोटो काढा, चला. त्यातले पैसे त्या घरापर्यंत किती पोचतात देव जाणे. कुटुंबाशी थेट व्हॉट्सअॅपवर बोला, स्पॅनिश येत नसेल तर ट्रान्सलेट करून छोटी छोटी वाक्यं पाठवा, उत्तर व्हॉइस नोटमध्ये येईल आणि दोन दिवसांनी येईल, रेंज नसते, मागे लागू नका. विचारायचं एवढंच की राहायची सोय कुणाच्या जमिनीवर आहे, जेवण धरून किती, स्टँडवरून न्यायला कोण येणार. पैसे रोख न्या, एटीएम तालुक्याच्या गावात शेवटचं.

गेल्यावर वागायचं कसं

फाटक ओलांडून सरळ आत जायचं नाही. बाहेर उभं राहून आलो अशी हाक मारायची, स्पॅनिशमधला फोनवरचा हॅलो, आणि कुणी येईपर्यंत थांबायचं, कुत्री असतातच. आत गेल्यावर सगळ्यांना मिळून एक नमस्कार चालत नाही, एकेकाला वेगळा. मारी मारी म्हणायचं. पुरुषानं पुरुषाला मारी मारी पेन्यी, बाकी बाईला किंवा बाईनं कुणालाही लाम्ङेन, वयस्कर बाईला पापाय, म्हाताऱ्याला चाचाय. निघताना पेउकायाल, आभार मानायला चाल्तू माय. उच्चार चुकला तर हसतील आणि शिकवतील.

मग विचारपूस सुरू होते, ती उरकायची घाई करू नका. कुठून आलात, आईवडील कसे आहेत, पाऊस झाला का. ते स्वतःची ओळख करून देताना जमीन आणि घराणं दोन्ही सांगतात, तेव्हा तुम्हीही नुसतं पुण्याचा म्हणून थांबू नका, मूळ गाव सांगा, नदी कुठली, आईकडचे कुठले, शेती आहे का, ती कोण करतं. इथून पुढची संध्याकाळ आपोआप जमते. एक गंमत, चिलीत भारतातून आलेल्या प्रत्येकाला इंदू म्हणतात, धर्म कुठलाही असो, त्यावर वाद घालत बसू नका. पण तुम्ही त्यांना इंदिओ म्हणायचं नाही, ती शिवी आहे, आणि आराउकानो हे जुनं स्पॅनिश नावही नको.

माते येईल, म्हणजे पानांचा कडवट काढा. एकच भांडं, एकच धातूची नळी, ओतणारा एक जण, आणि सगळे आळीपाळीनं त्याच नळीनं पितात. नळी ढवळायची नाही, पुसायची नाही, सगळं पिऊन भांडं परत द्यायचं. आणि मध्येच ग्रासियास म्हणायचं नाही! ग्रासियास म्हणजे मला आता बस झालं, आपण सभ्यपणा म्हणून पहिल्याच घोटाला म्हणतो आणि मग पुढची फेरी आपल्याला वगळून जाते आणि आपण बघत बसतो. उष्ट्याचं अगदीच जमत नसेल तर पोटाचं कारण सांगून चहा मागा, वाईट वाटून घेत नाहीत.

कॅमेऱ्याचं. माणसांचे फोटो विचारून, लहान मुलांचे आईला विचारून, ड्रोन घरीच ठेवा, लष्कर आणि कंपन्या दोघांचेही ड्रोन त्यांच्या डोक्यावरून फिरलेत. माची म्हणजे वैदू आणि पुजारी दोन्ही, जास्त करून बायका पण पुरुषही असतात, तिचा, तिच्या दाराबाहेरच्या रेवेचा, पायऱ्या कोरलेल्या त्या खांबाचा, कुलत्रुन नावाच्या तिच्या ढोलाचा फोटो काढायचा नाही. न्गियातुन ही सगळ्या वस्तीची मिळून होणारी प्रार्थना, दोन-तीन दिवस चालते, योगायोगानं आमंत्रण मिळालं तर फोन बॅगेतच. आणि माचीला आपला गुडघा दाखवू का असं विचारू नका, तिथे आजारी माणसं लांबून येऊन रांगेत बसलेली असतात.

फिरताना मळलेली वाट सोडायची असेल तर यजमानांना विचारा. झऱ्याभोवतीची दलदल, तिथली औषधी झाडं, ह्याला ते मेनोको म्हणतात, त्याचा स्वतःचा धनी असतो अशी श्रद्धा, परवानगी मागितल्याशिवाय आत जात नाहीत. दफनभूमीचंही तसंच.

राजकारणावर आपणहून मत ठोकू नका. २०२१ला एलिसा लोंकोन ह्या मापुचे प्राध्यापिका नवी राज्यघटना लिहिणाऱ्या सभेच्या अध्यक्ष झाल्या, आणि २०२२च्या सप्टेंबरमध्ये तो मसुदा देशानं जवळजवळ ६२ टक्के मतांनी फेटाळला, अराउकानियात, म्हणजे तेमुको ज्यात येतं त्या प्रदेशात, तर त्याहून जास्त. एकाच चुलीभोवती दोन्ही बाजूंनी मत दिलेली माणसं बसलेली असतात.

सेफ आहे का

हा प्रश्न घरून पहिला येणार. २०२२ पासून अराउकानिया आणि शेजारच्या बिओबिओ, आराउको ह्या प्रांतांत आणीबाणी सारखी वाढवत नेलीय, हायवेला लष्कराच्या गाड्या दिसतील. लाकडाचे ट्रक, मशिनरी जाळण्याचे प्रकार झालेत, आणि दुसऱ्या बाजूला २०१८ला कामिलो कात्रियान्का हा २४ वर्षांचा मापुचे तरुण पोलिसांच्या गोळीनं शेतातून घरी येताना मेला, त्या प्रकरणात पोलिसांना शिक्षाही झाली. तणावाचा भाग मुख्यतः एर्सिया, कोयिपुयी, कान्येते, कोन्तुल्मो ह्या बाजूला, तिकडे आडरस्त्यानं रात्री गाडी चालवू नका आणि बघू तरी काय आहे म्हणून तर अजिबात जाऊ नका. बुदी, कुरारेवे, कोंगियीओ ह्या भागांत लोक नेहमीसारखे फिरतात. जायच्या आधल्या दिवशी यजमानांना विचारलं की झालं, त्यांच्याइतकी खबर कुणाला नसते.

खायचं काय, शाकाहारी असाल तरी

सिन कार्ने म्हणजे बिनमटणाचं असं सांगून भागत नाही, चिकन किंवा लोंगानिसा सॉसेज त्यांच्या हिशोबात कार्ने नसतं. म्हणायचं नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो. एवढं सांगितलं की पुढे मजा आहे. कातुतो म्हणजे गहू उकडून, वाटून, हातावर लांबट वळलेला, तसाच किंवा भाजून मधाबरोबर. भाजलेल्या गव्हाचं पीठ पाण्यात किंवा दुधात कालवून. वसंतात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, दिगुएन्ये, झाडाच्या फांदीवर येणारी नारिंगी गोळ्यांसारखी आळंबी, कच्चीच कांदा-कोथिंबीर घालून. मुदाय गव्हाचं किंवा मक्याचं आंबवलेलं पेय, ताजं असेल तर नुसतं आंबटगोड, चार दिवसांचं असेल तर जपून. न्याची कुणी पुढे केलं तर ते कोकराचं ताजं रक्त मीठमसाला घालून गोठवलेलं असतं, बघून घ्या.

पण खरा पदार्थ पिन्योन. पेवेनच्या झाडाला नारळाएवढं गोल फळ येतं, तयार व्हायला दीड-दोन वर्षं लागतात, मग ते झाडावरच फुटतं आणि शेदीडशे लांबट तपकिरी बिया खाली पडतात. पेवेंचे कुटुंबं उन्हाळ्यात गुरं घेऊन वर डोंगरात जातात आणि पिन्योन गोळा करूनच खाली उतरतात, वर्षाचं पीठ, भाकरी, मुदाय, विक्री सगळं त्याच्यावर. म्हणून जमिनीवर पडलेले दिसले तरी खिशात टाकायचे नाहीत, ती कुणाची तरी बेगमी आहे. बाजारातून किलोभर घ्या. धुऊन, टोकाला चीर देऊन, मीठ घालून कुकरला सहा-सात शिट्ट्या, नुसत्या पातेल्यात तासभर. गरम असतानाच जाड बाजूनं दाबलं की टोकाकडून गर बाहेर येतो, गार झाले की सालं चिकटतात आणि नखं दुखतात. चव उकडलेल्या आठळीच्या फार जवळची, थोडी गोडसर.

विकत घेताना

घासाघीस नको. लोकर कातणं, रंगवणं, वित्राल नावाच्या उभ्या मागावर विणणं, एका पोंचोला महिने जातात. हातमागाचा ओळखायचा असा की सूत थोडं जाडबारीक असतं, मेंढीचा वास येतो, आणि कापून शिवलेली कड नसते, काठ विणतानाच पूर्ण झालेला असतो. पोंचोवरच्या पायऱ्यांच्या नक्षीला अर्थ असतो, काही पूर्वी फक्त लोंकोंसाठी असायच्या, म्हणजे वस्तीच्या प्रमुखांसाठी, विचारून घ्या. चांदीच्या दागिन्यांत त्रारिलोंको, कपाळावरची साखळी, आणि छातीवरचा त्रापेलाकुचा प्रसिद्ध. पूर्वी गुरांच्या व्यापारात आलेली स्पॅनिश चांदीची नाणी वितळवून हे घडवायचे. आता टुरिस्ट दुकानांत बरंचसं आल्पाका असतं, म्हणजे जर्मन सिल्व्हर, त्या प्राण्याशी काही संबंध नाही. प्लाता की आल्पाका असं तोंडावर विचारा, खरं सांगतात, आणि किमतीतही कळतं.

आणि मेर्केन आणाच. काचो दे काब्रा नावाची लाल मिरची वाळवून, लाकडाच्या धुरावर धुरवून, भाजलेले धणे आणि मीठ घालून कुटतात. सीलबंद पाकीट घ्या, सुटं असेल तर एअरपोर्टवर कटकट.

जायला जमणार नसेल किंवा पाकीट संपलं असेल तर घरी जवळपास जाता येतं. ब्याडगी मिरच्या १०० ग्रॅम, तिखट हवं तर दोन-तीन संकेश्वरी, देठ आणि निम्म्या बिया काढून कडकडीत उन्हात दोन दिवस. गावी चूल असेल तर वर टोपलीत टांगून चार-सहा दिवस धूर खाऊ द्या, तिथेही रुकातल्या चुलीवर असंच टांगतात. फ्लॅटमध्ये असाल तर मोठ्या पातेल्यात मिरच्या, मध्ये वाटीत निखारा, त्यावर थेंबभर तेल, झाकण, दहा मिनिटं, असं चार-पाच वेळा. निखारा मिरचीला लागू देऊ नका, करपली की कडू होते, आणि खिडक्या आधी उघडा नाहीतर शेजारी येतील. मग दोन मोठे चमचे धणे कोरडे भाजून, मोठा चमचाभर मीठ, सगळं भरड वाटायचं, पीठ करायचं नाही. चाळू नका. उकडलेल्या बटाट्यावर, अंड्यावर, लोणी लावलेल्या पावावर, आणि तिथे पाकिटात मिळतात तसे खाऱ्या शेंगदाण्यांवर गरम असतानाच भुरभुरायचं. घट्ट झाकणाच्या बरणीत तीन-चार महिने वास टिकतो, नंतर नुसतं तिखट उरतं, तेव्हा एका वेळी थोडंच करा.